वरचा वाघोबा आणि मंगळीची शेवळं

हेदवाडीच्या वरच्या अंगाला, ओहोळापलीकडे, एक खोलगट सावलीची जागा आहे. तिथे एक वाघोबा, वाघदेव, बसलेला आहे. वाडीतले लोक त्याला वरचा वाघोबा म्हणतात, कारण खालचा, वेशीवरचा, जुना वेगळा. खालच्याचं वय कुणालाच ठाऊक नाही. वरच्याचं मात्र मंगळीला महिन्यानिशी ठाऊक आहे. दिवाळीच्या तोंडावरच्या येत्या वाघबारशीला त्याला तीन वर्षं पुरी होतील. ठाऊक असायचं कारण एवढंच, की तो तिथे तिनेच आणला. ओहोळातून उचलला, चुंबळ करून डोक्यावर घेतला आणि धापा टाकत चढावर नेऊन ठेवला. वाटेत दोनदा खाली टेकवला आणि दोन्ही वेळा त्याला शिवी हासडली. तेव्हा तो नुसता दगड होता.

मंगळीचं घर वाडीच्या शेवटाला. उंबरमाळीच्या स्टेशनापासून चांगल्या तासाची चाल. नवरा गोमा, दोन तुकडे भात, उतारावर थोडी नाचणी, चार शेळ्या. मुलगा रोशन आसनगावला एका गोदामात कामाला आणि सून हर्षाली मुरबाडकडची, म्हशाच्या जवळची. मंगळीचं वय साठीच्या आत-बाहेर असेल. नेमकं विचारलं तर ती म्हणते, "दात मोज नि सांग." तोंडाने अशी फटकळ, की तिच्याशी भांडायला येणारा माणूस आधी घरून पाणी पिऊन येतो. पण एवढ्या बोलक्या बाईने इतकी वर्षं एक गोष्ट पोटात ठेवली, आणि ती ठेवता ठेवता तिचं काय झालं, ते सांगायचं आहे.

शेवळं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. मिरगाच्या, म्हणजे पहिल्या पावसाच्या, आगेमागे, दाट झाडीखालच्या सावलीत, पान नाही, फांदी नाही, जमिनीतून एकदम एक फूल वर येतं. जांभळट, तपकिरी, गुंडाळलेलं, वीत-दीड वीत उंच. तेच शेवळं. ते उमलायच्या आत खुडायचं, आतला पिवळा दांडा काढून टाकायचा, बारीक चिरायचं आणि काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवायचं. काकड कमी पडला तर घसा असा खाजतो की जेवणारा रांधणारणीच्या सात पिढ्या उद्धरतो. जमलं तर मात्र त्याच्यापुढे मटण बाजूला ठेवावं. कल्याण-डोंबिवलीच्या जाणत्या बायका त्यासाठी खर्डीला उतरायच्या आणि स्टेशनाबाहेर टोपली घेऊन बसलेल्या मंगळीला नावाने शोधायच्या.

तीस-बत्तीस मिरग तिने शेवळं विकली. डोंगराची ही बाजू तिला स्वतःच्या माजघरासारखी पाठ होती. कोणत्या खडकाआड पाच येतात, कोणत्या बांबूच्या बेटाखाली बारा, सगळं तोंडपाठ. सासूने लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिला एक नेम घालून दिला होता. "घोळक्यातलं एक राखायचं. ते जमिनीचं." मंगळी राखायची. पुढे पुढे असं होऊ लागलं, की तिने राखलेलं एक मागून येणारी दुसरी कुणीतरी खुडून न्यायची. आपण राखायचं आणि वाडीतल्या रंगूने टोपलीत घालायचं, हा कुठला न्याय? मंगळीने राखणं सोडलं. सगळ्यांनीच सोडलं. एका वर्षी अख्खा डोंगर पालथा घालून तिला सात शेवळं मिळाली. सातही तिने खुडली. खुडताना तिला कळत होतं. पुढच्या वर्षी एकही आलं नाही आणि त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. लोक म्हणाले पाऊस बदललाय, कुणी म्हणालं मोबाईलचे टॉवर आलेत. ते सात मंगळीच्या जिवाला लागून राहिले.

मग एका भादव्यात ती शेळीमागे त्या ओहोळापलीकडे गेली असताना तिला दोन खडकांच्या फटीत एक वेगळंच काहीतरी दिसलं. जाड दांडा आणि त्यावर दाण्यांचं गच्च भरलेलं बोंड, लहानशा कणसासारखं. बराच वेळ तिला उमगेना. मग शेजारचं पान पाहिलं, दांडा चाचपला, तेव्हा कळलं. ते शेवळ्याचं बी होतं. तीस-बत्तीस वर्षं शेवळं विकणाऱ्या बाईने त्याचं बी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. पाहणार कधी? बी धरायच्या आतच तिने प्रत्येकाची मान मोडलेली.

साठेक दाणे निघाले. त्यातले निम्मे तिने घरी आणून तेलाच्या कापलेल्या डब्यात लावले आणि डबा अंगणात, मिरचीच्या शेजारी, छान उन्हात ठेवला. मिरचीला जे चांगलं ते सगळ्यांना चांगलं, असा तिचा हिशेब. दाणे फुटले, दोऱ्यासारखे कोंब आले आणि आश्विनातल्या उन्हाने चार दिवसांत करपून गेले. "लोक भात पेरतात, आमची मालकीण जंगल पेरते," गोमा म्हणाला. ती त्याच्यावर खेकसली खरी, पण रात्रभर तिला ते करपलेले दोरे दिसत राहिले. जे अंधारात, पातेऱ्याखाली, गळलेल्या पानांच्या थराखाली, ओलीला जगतं त्याला आपण अंगणात आणून भाजलं. सकाळी उठून तिने उरलेले तीस दाणे फडक्यात बांधले, ओहोळ ओलांडला आणि त्या खोलगट जागेत, जुन्या जांभळीच्या आणि हेदाच्या दाट सावलीत, एकेक दाणा बोटाच्या पेराएवढा आत दाबला. वरून कुजका पातेरा पसरला. प्रत्येकापाशी एक पांढरा खडा ठेवला.

दाणे पुढल्या मिरगापर्यंत झोपून राहिले. मग एकवीस वर आले. पान म्हणजे काय, करंगळीएवढा देठ आणि त्यावर तीन बोटं पसरल्यासारखी तीन पाती. दिवाळीला पिवळी पडली आणि गळाली. मंगळीला वाटलं, संपलं. तिने एके ठिकाणी नखाने माती उकरली तर खाली हरभऱ्याएवढा कंद होता, पांढरा, टणक. तिने तो घाईघाईने झाकला. झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण आपण उचलून पाहतो आणि परत टाकतो, तसं. शेवळ्याची रीतच तशी. चार-पाच वर्षं नुसतं पान येतं आणि जातं, खाली कंद भरत राहतो, आणि पुरेसा भरला की मग एका मिरगाला फूल. तोवर वाट पाहायची. ज्या बाईला चहाला उकळी येईपर्यंत धीर धरवत नव्हता ती पाच वर्षांची वाट पाहायला बसली.

पहिलं विघ्न राबाचं आलं. भाताचं रोप टाकायचं तर तो तुकडा आधी भाजावा लागतो. शेण, गवत, फांद्या, पातेरा पसरायचा आणि उन्हाळ्यात पेटवायचा. त्यासाठी शिमग्यापासून बाया डोंगरातला पातेरा ओढून आणतात. त्या वर्षी रंगूने नेमका त्या खोलगट जागेतला पातेरा खराट्याने ओढला. पातेऱ्याबरोबर वरची भुसभुशीत माती आली आणि मातीबरोबर कंद. मंगळी पोचली तेव्हा रंगूचा तिसरा भारा बांधून झाला होता.

"हितला पातेरा नेऊ नको गो," मंगळी म्हणाली.

"का? जंगल काय तुझ्या बापानं लावलंय?"

बापाने नव्हे, मीच लावलंय, असं मंगळीच्या ओठावर आलं होतं. पण शेवळं लावलीत असं सांगावं तर मिरगाला अख्खी वाडी तिथे टोपल्या घेऊन उभी राहील. सांगावं तरी पंचाईत, न सांगावं तरी पंचाईत. तिने रंगूला भारे नेऊ दिले. रंगूच्या राबात सात कंद जळाले. उरले चौदा.

त्या वर्षी वाघबारशीच्या आदल्या दिवशी मंगळीने ओहोळातून तो दगड उचलला. वर म्हटलं तसा डोक्यावर नेला, जांभळीच्या बुडाशी रोवला आणि म्हशाच्या जत्रेतून आणलेली शेंदराची पुडी तेलात कालवून त्याला फासली. दुसऱ्या दिवशी गुरं घेऊन गेलेल्या लोकांनी तो पाहिला. सगळे मंगळीकडे आले, कारण त्या बाजूला जाणारी तीच. मंगळी म्हणाली, "मला काय इचारता? म्या बी कालच बघितला." एवढंच ती खोटं बोलली. वाघोबा हे नावसुद्धा तिने घेतलं नाही, ते लोकांनीच ठेवलं. दगडाला शेंदूर लागला की त्याला नाव शोधायला फार लांब जावं लागत नाही.

आणि युक्ती लागू पडली. देवाच्या जागचा पातेरा कोण ओढणार? फांदी कोण तोडणार? दोन पावसाळे त्या जागेत कुणी खराटा घातला नाही. पानं दर वर्षी मोठी होत गेली. तिसऱ्या वर्षी मंगळीच्या गुडघ्याला लागली, चौथ्या वर्षी छत्रीसारखी पसरली. वाघोबाला नारळ फोडायच्या निमित्ताने ती तिथे जायची, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकायची आणि चौदाच्या चौदा मोजून परत यायची. दगडाला तिने कधी काही मागितलं नाही. ज्याला चढावर दोनदा शिवी दिली त्याच्याकडे मागायचं कुठल्या तोंडाने?

पण देव एकदा बसला की तो बसवणाऱ्याचा राहत नाही. रंगूची हरवलेली शेळी तिथेच सापडली. नवशा भगताला स्वप्न पडलं. आणि दीड वर्षापूर्वीच्या वाघबारशीला हर्षालीने त्याला नवस केला.

हर्षालीच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. शहापूरचे डॉक्टर झाले, मुरबाडचे झाले, गोळ्या झाल्या. वाडीतल्या बायका हळदीकुंकवाला तिच्या पुढ्यातून ताट जरा लवकर पुढे नेत. हर्षाली कधी बोलली नाही. न्हाणीत बादली भरून वाहू लागली तरी आत पाणी सुरूच राहायचं, त्यावरून मंगळीला कळायचं, पोरगी आत रडतेय. तोंडाळ मंगळीने सुनेला मात्र कधी वेडंवाकडं म्हटलं नाही. तर त्या वाघबारशीला हर्षाली एकटीच वर गेली आणि देवाला म्हणाली, "मला एक दे. तुला उन्हापावसात नाय ठेवणार. ओटा बांधीन, वर पत्रा घालीन." पुढच्या श्रावणात कुणाली झाली.

हे मंगळीला कळलं ते बारशाच्या दिवशी. हर्षाली पोरीला मांडीवर घेऊन हसत हसत सगळ्यांना सांगत होती. तिला इतकं हसताना मंगळीने कधी पाहिलं नव्हतं. तिने नातीच्या गालाला बोट लावलं आणि मनात हिशेब केला. मिरगाला शेवळं फुटणार. ओटा त्याच्या आधी झाला तर?

ओटा त्याच्या आधीच व्हायचा होता. पाऊस लागल्यावर सिमेंट कुठे चढवणार? वैशाखात रोशनने चार दिवसांची रजा टाकली, रेती आणि सिमेंट ओहोळापर्यंत टेम्पोने आणवलं. वाडीतल्या घरटी एकाने अंगमेहनत कबूल केली. मंगळीने आपल्या परीने वाटा शोधल्या. आधी म्हणाली, ओटा ओहोळाच्या अलीकडे बांधा, म्हाताऱ्यांना चढ नको. नवशा भगताने देवापुढे तांदळाचे दाणे टाकले, मोजले, पुन्हा टाकले आणि म्हणाला, "देव जागा सोडत नाय म्हणतोय." मंगळी मनात म्हणाली, अडीच वर्षांखाली आला तेव्हा नाही विचारलं त्याने. मग म्हणाली, यंदा घाई नको. तर हर्षालीचा चेहरा उतरला. "आय, नवस थकला तर पोरीवर येतं."

मग तिने गोमाला सांगून टाकलं. दुपारची वेळ होती, तो पडवीत शेळीचं दावं वळत बसला होता.

"त्यो वरचा देव म्या आणलाय. ओहोळातनं. डोईवर."

गोमाने दावं वळणं थांबवलं नाही. "म्हाईत हाय. त्या दिशी तुझ्या चुंबळीला शेवाळ लागलं व्हतं."

"मंग तू नारळ कशाला फोडलास?"

"समद्यांनी फोडला. म्या एकट्यानं नाय फोडला तर बरं दिसंल?"

मग तिने त्याला बियांपासून सगळं सांगितलं. चौदा कंद, पाच वर्षं, यंदाचा मिरग. गोमाने ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. त्याने पिळाला गाठ मारली, दावं बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "आणलास तवा दगड व्हता. आता सून त्याच्या पाया पडून पोर मागून आलीय. तू सांगशील त्यो दगड हाय. मंग पोर कुणी दिली, ते बी सांगावं लागंल तुला."

मंगळी उठून आत गेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

राहता राहिली एकच वाट. कंद उकरून दुसरीकडे न्यायचे. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती खुरपं आणि टोपली घेऊन वर गेली. पण उन्हाळ्यात जमिनीवर पान नसतं, काही नसतं. तिने ठेवलेले पांढरे खडे लोकांनी नारळ फोडायला आणि चुली मांडायला कधीच उचलून नेले होते. अंदाजाने उकरत उकरत तिला चार कंद मिळाले. चांगले मुठीएवढे, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर गुलाबीसर टोक आलेलं. यंदा फुलणार होते, यात शंका नव्हती. टोपलीत पातेरा घालून तिने ते हळूच निजवले. तेवढ्यात सामान बघायला माणसं वर येताना दिसली आणि ती आडवाटेने घरी परतली.

दुपारी कुणालीचं अंग तापलं. आदल्याच दिवशी अंगणवाडीत तिला नवव्या महिन्याची सुई टोचली होती आणि ताईने सांगितलं होतं, ताप येईल, घाबरू नका, ही गोळी पाण्यात उगाळून द्या. गोळी दिली होती. मंगळीला हे सगळं ठाऊक होतं. हर्षाली पोरीच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत बसली होती. तिची नजर सासूच्या नखांतल्या काळ्या मातीवर गेली.

"आय, तुमी तिथं काय खणलं का?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मंगळीने परतफेड केली असती. नुसती भीती होती. पोर मांडीवर कण्हत होती आणि तिची आई सासूकडे अशी बघत होती, की तिने फक्त नाही म्हणावं.

"नाय गो," मंगळी म्हणाली. "खणायचं काय तिथं."

ताप सुईचा आहे हे तिला माहीत होतं. दगड ओहोळातला आहे हे तर तिच्याइतकं जगात कुणालाच माहीत नव्हतं. तरी ती उठली, परसातल्या केळीखाली झाकून ठेवलेली टोपली घेतली, भर उन्हात चढ चढून गेली आणि चारही कंद होते तिथे परत पुरले. वरून माती थोपटली. मनात म्हणाली, असू दे बाबा, घे तुझं. मग स्वतःचीच तिला लाज वाटली आणि रडू आलं. तिथे कुणी नव्हतं, म्हणून तिने पोटभर रडून घेतलं. संध्याकाळी पोरीचा ताप उतरला, जसा सुईचा उतरतो.

ओट्याच्या दोन दिवस आधी वळवाची एक सर येऊन गेली. बांधायच्या दिवशी सकाळी सगळे वर जमले. आधी पुरुषांनी कारवी साफ केली. पत्रा बसायला अडचण नको म्हणून जांभळीच्या आणि हेदाच्या खालच्या फांद्या उतरवल्या. रंगूने पुढल्या राबाला होतील म्हणून लगेच त्यांच्या मोळ्या बांधायला घेतल्या. त्या जागेत मंगळीने कधी जमिनीवर सबंध ऊन पाहिलं नव्हतं. ते आता दगडावर, मातीवर, माणसांच्या पायांवर पसरलं होतं. लोक म्हणाले, बघा कसं लख्ख झालं.

हर्षाली झाडू मारत होती. ती एकदम वाकली.

"आय, शेवळं!"

दगडाच्या पुढ्यात, काल-परवाच्या ओलीने, जांभळट टोक वर आलं होतं. वीतभर. हर्षालीने ते अलगद खुडलं आणि दोन्ही हातांत धरून देवाच्या पायाशी ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते. मग सगळेच वाकले. रंगूला दोन सापडली, नवशाला एक, कुणाला आणखी तीन. सहा-सात वर्षांत या डोंगरावर कुणी शेवळं पाहिलं नव्हतं आणि आज, नवस फेडायच्या दिवशी, देवाने ते आपल्या पायाशी उगवून दिलं. माणसं दगडापुढे आडवी झाली. पाच वर्षांचं मंगळीचं पेरणं, झाकणं, मोजणं सगळं देवाच्या नावावर जमा झालं, आणि तिला तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

"एक राखा," मंगळी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "घोळक्यातलं एक राखायचं असतं."

"हितं आता सिमिट पडायचंय," रंगू म्हणाली. "राखून काय करायचं गो?"

तिचं बरोबरच होतं. अकरावं शेवळं खुडून रंगूने टोपलीत टाकलं. बायांनी तिथेच तीन दगडांची चूल मांडली आणि काकड आणायला कुणालातरी खाली पिटाळलं.

अकरा झाली होती. मंगळीने मोजली होती. म्हणजे तीन अजून मातीत होते, फुलण्याइतके भरलेले नव्हते. बाकीची कुठे आली ते पाहून तिने जागा ताडली, दगडाच्या उजव्या अंगाला, हातभर अंतरावर. हे फक्त तिला माहीत होतं.

नवशाने तिला पुढे केलं. "देव पहिल्यांदी हिला दिसला. गाऱ्हाणं हिनंच घालायचं."

मंगळी दगडासमोर उभी राहिली. शेंदराचे अडीच वर्षांचे थर चढून त्याचा आकार बदलला होता, तिचा तिलाच ओळखू येईना. हात जोडताना तिने ठरवलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं याच्याकडे मागायचं. ते तीन राख, एवढंच. तुला मी आणलंय, माझं एवढं ऐक. तिने तोंड उघडलं. शेजारी हर्षाली पोरीला कडेवर घेऊन उभी होती, आणि कुणालीने हात लांब करून आजीच्या पदराचा काठ मुठीत धरला होता.

"पोरीला राख रे बाबा," मंगळी म्हणाली. "काय खणलं असंल, उकरलं असंल, ते माझ्या डोईवर घाल. हिच्या नको."

सगळ्यांनी हात जोडले. रोशनने कालवलेल्या मालाचं पहिलं घमेलं उचलून आईच्या हातात दिलं. जड होतं. ओटा उजव्या अंगापासून सुरू करायचा, असं गवंड्याने आधीच सांगून ठेवलं होतं. मंगळीने घमेलं उजव्या अंगाला, हातभर अंतरावर ओतलं.

दुपारपर्यंत ओटा झाला. सिमेंट ओलं असताना हर्षालीने त्यात कुणालीचं पाऊल उमटवून घेतलं. मग तिथेच पंगत बसली. अकरा शेवळं वीस-बावीस माणसांत कितीशी येणार, प्रत्येकाच्या भाकरीवर बोटभर. हर्षालीने मात्र सासूच्या ताटात डावभर वाढलं. "आय, तुमाला लय आवडतं ना. तुमच्यासाठी बाजूला ठेवलं व्हतं."

मंगळीने खाल्लं. काकड बरोबर पडला होता, घसा खाजला नाही.

"पुढल्या साली बी येतील का गो?" रंगूने बोटं चाटत विचारलं. "तुला शेवळ्यातलं सगळं कळतं."

मंगळीने ओट्याकडे पाहिलं. पावलाच्या पाचही बोटांचे ठसे स्पष्ट उमटले होते. सगळे तिच्या उत्तराची वाट पाहत होते, हर्षालीसुद्धा.

"देव देईल," मंगळी म्हणाली, आणि ताटं गोळा करून घासायला ओहोळावर गेली.